डेपोतल्या अक्काची चूल

तीन भाग शिल्लक होते, विहीणबाई. फक्त तीन. एकवीस भाग आपण दोघींनी मिळून बघितले. तुम्ही धुळ्याला, देवपुरातल्या तुमच्या दिवाणावर, मी जळगावला माझ्या वेताच्या खुर्चीत, आणि मध्ये फोन. एकविसावा संपल्यावर तुम्ही बजावलंत, "उद्या चारला. पुढचं बघून ठेवू नका." मी म्हटलं, "मी काय बघून ठेवते? मला ते वाचता कुठे येतं?" तुम्ही म्हणालात, "तेच बरं आहे," आणि फोन ठेवलात. एवढंच आपलं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी चारला मी रिमोट हातात घेऊन बसले होते. फोन वाजला तो तुमच्या मुलाचा.

तुमच्या दहाव्याला बायका मला घेरून बसल्या. "तुमच्याशी रोज बोलायच्या ना हो त्या? शेवटचं काय म्हणाल्या?" आता काय सांगू? जपानी कार्टूनचं सांगू? म्हटलं, "पुढचं बघून ठेवू नका, म्हणाल्या." एक बाई डोळे पुसत म्हणाली, "केवढी मोठी गोष्ट बोलून गेल्या!" मला असं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. त्यांना वाटलं रडतेय. तशी रडतही होतेच म्हणा. पण मुख्य म्हणजे मी चिडलेली होते, आणि अजून आहे. तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले. भांडायला माणूस समोर नसलं की कागद तरी लागतो.

आधी हे सगळं ज्या पोरीमुळे सुरू झालं तिचं सांगते. जुई. माझ्या मुलाची आणि तुमच्या मुलीची एकुलती एक, आपली दोघींची मिळून नात. इंजिनिअर झाली, तेव्हा तुम्ही म्हणालात माझ्यावर गेली, मी म्हटलं माझ्यावर. तिनेच दोन्ही घरच्या टीव्हीत ती मालिका घालून दिली. "आज्यांनो, भांडायचंच आहे तर निदान चांगल्या विषयावर भांडा." जपानी चित्रं, जपानी बोलणं, खाली इंग्रजी अक्षरं. मी सातवी पास. अक्षरं ओळखते, पण ती थांबतात कुठे? मी पहिला शब्द लावेपर्यंत चौथं वाक्य निघून गेलेलं असायचं. मग तुम्ही फोनवरून मला मराठीत सांगायला लागलात. तीस वर्षं पोरींना भूगोल शिकवलेला आवाज तो. वाक्य कळायचं, त्यातला राग कळायचा, आणि शेवटी तुमचा शेरा. राग आला की तुमच्या बोलण्यात अहिराणी उतरायची. पहिल्याच भागात मोठा स्फोट झाला आणि तुम्ही ओरडलात, "हाई खोटं शे! अवकाशमा आवाज ऱ्हात नही!"

मी म्हटलं, "अहो, तिथे पाच मजली लोखंडी धूड दोन पायांवर पळतंय, ते चालतं तुम्हाला, आणि आवाज नको?"

"धूड कधी तरी बनेल. हवा नसताना आवाज कधीच नाही होणार."

आपण एक-दोन-तीन म्हणून एकदम बटण दाबायचो, तरी तुमचा टीव्ही दोन सेकंद पुढे असायचा. आधी फोनमध्ये तुमच्या घरचा स्फोट, मग माझ्या घरचा. मी म्हणायचे, "तुमच्याकडे आधी मरतात लोक." तुम्ही म्हणायचात, "मग तुम्हाला दोन सेकंद आहेत की. वाचवा त्यांना."

गोष्ट तशी साधी. शनीच्या एका चंद्रावर दोन वस्त्या, आणि बर्फावरून त्यांची लढाई. ते बर्फ वितळवून प्यायचं. मला लगेच पटली, आपल्याकडे एप्रिलमध्ये टँकरपुढे काय होतं ते मी बघितलेलं आहे. पण त्या धुडात बसून लढायला पाठवायची ती पंधरा-सोळा वर्षांची पोरं! आपण जिला झिपरी म्हणायचो, ती तर नववीतली वाटायची. कधी केस विंचरलेले नाहीत, डोळे बशीएवढे. तुम्ही दर भागाला विचारायचात, "हिची आई कुठे आहे? कोणी विचारलं तिच्या आईला?" आणि गोळा सोडण्याआधी प्रत्येक जण आपण कोणता गोळा सोडतोय ते मोठ्याने ओरडून सांगायचा. मी म्हणायचे, हे तरी बरं, निदान समोरच्याला कळतं. आपल्या बातम्यांत तेवढंही नाही.

बातम्या. भाग संपला की चहा, आणि चहाबरोबर पाचच्या बातम्या, हे तुम्हीच लावलंत. कुठे ना कुठे युद्ध चाललेलंच असायचं. निवेदक असा ओरडायचा की मी आवाज दोनवर ठेवायचे. मागे नकाशा, नकाशावर लाल बाण, बाणाच्या टोकाला आग, आणि वरून शिट्टीसारखा आवाज घातलेला. तुम्ही म्हणायचात, "ह्यांना कोणी तरी चित्रं काढायला शिकवा. त्या जपान्यांनी बॉम्ब पडायच्या आधी टेबलावर निवत ठेवलेला चहा दाखवला. हे नुसतं म्हणतात, तळ उद्ध्वस्त. तळावर कोणी चहा केला असेल की नाही?"

आणि मग माझी ती चूक. तुम्ही कधी कोणाला सांगितली नाहीत, जुईलासुद्धा नाही. आज मीच लिहिते. एकदा मला दुपारी उठायला उशीर झाला. सव्वाचारला टीव्ही लावला तर एक शहर जळत होतं. धूर, अर्धी इमारत, त्यातून एक बाई गादी डोक्यावर घेऊन पळत होती. मी तुम्हाला फोन लावला आणि म्हटलं, "विहीणबाई, आजचा भाग काय सुरेख काढलाय हो! ती गादी बघा. अगदी खरं वाटतं."  तुम्ही हळू म्हणालात, "कोणतं चॅनेल लागलंय, बघा बरं."

त्या दिवशी आपण भाग बघितला नाही. चहाही नाही.

आता मुद्द्यावर येते. सहाव्या भागात ती म्हातारी आली. युद्धसामानाच्या डेपोत लांब बाकावर बसून गोळे तपासणारी. एकेका गोळ्यावर बोटाने टकटक करायची, कान लावायची, ठीक वाटला की खडूने त्यावर छोटं फूल काढायची आणि पुढे ढकलायची. मी खुर्चीत ताठ झाले. म्हटलं, "विहीणबाई, ही मी आहे!"

तुम्ही तिचं नाव ठेवलंत डेपोतली अक्का. आणि आपलं भांडण सुरू झालं.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, मी एकतीस वर्षं वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलं. तपासणीच्या टेबलावर. समोर ट्रेमधून पितळी काडतुसं यायची. पोचा, चीर, डाग बघायचा. मापात बसतं का बघायचं. खराब निघालं तर लाल डब्यात, चांगलं पुढे. माझ्या टेबलावरून खराब माल पुढे जात नाही, हा माझा लौकिक होता. तो मी कोणीही न विचारता सगळ्यांना सांगायचे. बसमध्ये, लग्नात, दळणाच्या रांगेत. तेव्हाची मी आज भेटले ना मला, तर रस्ता बदलेन. गळ्यात ओळखपत्र, कामावर नसतानाही. केळ्यांच्या बागेत सासरच्यांबरोबर काम करणाऱ्या बायका मला विचारायच्या, "काय वं, तिथं काय करता?" तर मी मान वर करून म्हणायचे, "गुप्त आहे." गुप्त कसलं! गावच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अशी ती टमटमीत बाई वरमाय होऊन तुमच्या दारात धुळ्याला आली. त्याच उन्हाळ्यात सीमेवर लढाई झालेली, आमच्या जादा पाळ्या चाललेल्या, आणि मला वाटत होतं, लढाई मीच जिंकून आलेय. तुमच्या बायकांनी पंगतीत विहिणीला चिडवायची गाणी सुरू केली. रीतच ती. वरमायला चिडवायचं आणि वरमायने उलट गाणं म्हणून परतफेड करायची. तुम्ही स्वतः रचलं होतंत:

"विहीन उनी वं बाई, काडीपेटी दपाडा,
चुल्हाजोडे बसाडू नका, मांडव उडी जाई."

विहीण आली, काडीपेटी लपवा. चुलीजवळ बसवू नका, मांडव उडेल. अख्खी पंगत हसली. माझा स्वतःचा नवरा हसला. आणि मी? उलट गाणं म्हणायचं सोडून ताटावरून उठले. देशाचं काम करणाऱ्या बाईची थट्टा! तीन तास मारुतीच्या पारावर रुसून बसले, पोटात कावळे ओरडत होते, तिकडून शेवभाजीचा वास येत होता. शेवटी तुम्ही ताट घेऊन आलात, शेजारी बसलात आणि म्हणालात, "विहीणबाई, जेवा. पण तुमचं गाणं माझ्याकडे राहिलं हं." सव्वीस वर्षं दर दिवाळीला, दर लग्नाला तुम्ही ते आठवून दिलंत. "गाणं कधी म्हणताय?" मी म्हणायचे, "रचतेय."

तर डेपोतली अक्का आली, आणि तुम्ही मला तो प्रश्न पहिल्यांदा विचारलात. इतका साधा, की मला राग आला.

"तुमची काडतुसं कुठे गेली हो पुढे?"

"कुठे म्हणजे? सैन्यात."

"आणि मग?"

"मग काय? देशासाठी."

"ते झालं. पण एक काडतूस, तुमच्या हातातून गेलेलं. ते कुठे गेलं?"

"तुमच्या भूगोलाच्या पोरी कुठे गेल्या, सांगता येतं तुम्हाला?"

"बऱ्याच जणींचं येतं," तुम्ही म्हणालात. आणि ते खरं होतं, म्हणून मी अजून चिडले. दर दोन-तीन दिवसांनी तुम्ही परत तिथेच यायचात. एकदा मी उसळून म्हटलं, "आणि तुम्ही? तीस वर्षं नकाशे शिकवलेत. नकाशाशिवाय लढाई होते का? ते लाल बाण कशावर काढतात?" मला वाटलं, आता कसं! तुम्ही दोन दिवस फोन केला नाहीत. तिसऱ्या दिवशी चारला वाजला. "बरोबर बोललात. मी पण त्यातच आहे. आता तरी सांगा, कुठे गेली?"

असं जिंकू न देणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

त्यात जुईला नोकरी लागली. पुण्याची एक कंपनी, ड्रोन बनवणारी. ड्रोनचा जो कॅमेरा खाली माणूस शोधतो, त्याचं काम हिच्याकडे. मी पेढे आणायला निघालेसुद्धा. म्हटलं, रक्तातच आहे, आजीने तपासलं, नात बनवणार. तुम्ही म्हणालात, "नको." का, ते सांगितलं नाहीत, नुसतं नको. पोरगी बिचारी दोन फोनच्या मध्ये. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून एक काय ते सांगा. मी त्यांच्याकडून मुदत मागून घेते." तुम्ही म्हणालात, "ही मालिका संपू दे. मग मी जळगावला येते, समोरासमोर बसून ठरवू." मी मनात म्हटलं, या. भरीत-भाकरी करते, पोटभर जेवायला घालते आणि हरवते.

तुम्ही आलाच नाहीत.

दहावा झाला आणि जुई माझ्याबरोबर जळगावला आली. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींना चुकवत होतो. तिसऱ्या दिवशी चारला ती म्हणाली, "आजी, तीन भाग राहिलेत ना? बघूया." मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. ती माझ्या शेजारी बसली, बटण दाबलं. पहिला स्फोट झाला, आणि विहीणबाई, तो एकदाच झाला. मी दुसऱ्याची वाट बघत बसले.

ह्या भागाच्या सुरुवातीला मागच्या गोष्टीची उजळणी होती. एरवी तुम्ही ती कायम पळवायला लावायचात. "बघितलंय की आपण, कशाला परत?" जुईला काय माहीत. तिने तशीच चालू ठेवली आणि मला वाचून दाखवायला लागली. डेपोतली अक्का दिसली. बर्फात गुडघ्यांवर बसलेली, हातात काळ्या लोखंडाचा तुकडा, डोळ्यांतून पाणी. हे मी बघितलं होतं, अठराव्या भागात. तुम्ही सांगितलं होतंत की तो तिच्या आईच्या चुलीचा तुकडा आहे. लढाईत जुनं घर पडलं, चूल फुटली, म्हणून रडते. आणि आता थंडी फार, हात चालत नाहीत, म्हणून काम सोडून बहिणीकडे राहायला जाणार. मला इतकं वाईट वाटलं होतं! चुलीसाठी रडले होते मी. रात्री माझ्या आईची मातीची चूल आठवून परत रडले. सकाळी तुम्हाला सांगितलंसुद्धा.

जुई वाचत होती, "ती म्हणते, हा माझाच."

"काय माझाच?"

"गोळा, आजी. तिच्या बहिणीच्या वस्तीवर पडला. आपल्याच लोकांनी चुकून टाकला. हे बघ, तुकड्यावर खडूचं फूल आहे."

मी चष्मा पुसला. होतं. अर्धं फूल.

"आणि पुढे काय म्हणते?"

 जुई म्हणाली, "ती झिपरी तिला विचारते, गोळा खराब होता का? तर ही म्हणते, मी तपासला होता. चांगला होता."

विहीणबाई, बंद केला मी टीव्ही.

आता मला आठवतंय ना. अठराव्या भागाला तुम्ही मध्येच गप्प झाला होतात. मी विचारत होते, "आवाज येतोय का? हॅलो? लाइन गेली का हो?" मग तुमचा आवाज आला, जरा बसलेला. "आहे, आहे. काही नाही. चुलीचा तुकडा आहे म्हणते. आईच्या." मला वाटलं तुम्हालाही तुमची आई आठवली.

मग मी जुईला कामाला लावलं. मागचे भाग परत लाव म्हटलं, आणि खरं काय ते वाच. दोन दिवस तेच केलं. तुम्ही काय काय केलंत ते बघा जरा! आठव्या भागातला स्वयंपाकी बदली होऊन दुसऱ्या तळावर गेला म्हणालात, तो मेलाय. अकराव्यात ज्या शाळेला सुट्टी लागली होती, तिला सुट्टी नव्हती लागली. चौदाव्यात तो कॅप्टन अक्काला पदक देतो तेव्हा ती "आभारी आहे" म्हणते असं सांगितलंत. ती म्हणते, "ह्यापेक्षा मला एकदा सांगा, ते कुठे पडतात." शब्दशः तुमचा प्रश्न! आणि तो तुम्ही माझ्यापासून लपवलात.

हेच मला कळत नाही. ह्याच्यासाठीच मी इतकी पेटलेय. इतके दिवस तुम्ही मला छळलंत, कुठे गेली, कुठे गेली. आणि ज्या दिवशी त्या कार्टूनने तुमच्या हातात हुकमाचा पत्ता ठेवला, नुसतं वाचून दाखवायचं होतं, एक ओळ, "मी तपासला होता, चांगला होता," मी तिथेच हरले असते, जुईचाही निकाल लागला असता, त्या दिवशी तुम्हाला चूल सुचली? असं कोणी हरतं का? मला एवढी नाजूक समजलात? लग्नात अख्ख्या पंगतीसमोर काडीपेटी दपाडा म्हणताना नाही दया आली!

की तेव्हाच्या त्या बाईला चिडवता येत होतं, आणि आताच्या मला येईना? बाईने सव्वाचारला जळतं शहर बघून "सुरेख काढलंय" म्हटलं, त्यानंतर तुम्हीच मला सांभाळायला लागलात की काय? तारखा जुळवून बघितल्या मी. स्वयंपाक्याची बदली त्याच आठवड्यातली आहे. त्याआधीचं सगळं तुम्ही खरं सांगितलंय.

सांगा ना. नाही सांगत. आता तुम्ही कशाला सांगाल.

बरं, मग माझंही ऐका, जे मी तुम्हाला सांगितलं नाही. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणायचात ना, एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीत? एकदा विचारलं होतं. नवीन होते, पंचवीस-सव्वीसची. ट्रे भरला, वाटलं, जातात कुठे ही? आमच्या मुख्य तपासनीसांना विचारलं, "साहेब, ही पुढे कुठे जातात?" भला माणूस होता. हसून म्हणाला, "बाई, तुम्ही एवढं नीट बघता, ते बरोबर जागीच जाणार." आणि मला काय वाटलं असेल? अभिमान! साहेबाने कौतुक केलं. घरी येऊन सासूला सांगितलं, गूळ-खोबरं वाटलं. प्रश्न कुठे गेला ते कळलंसुद्धा नाही मला. बरोबर जागी म्हणजे कोणती जागा, हे विचारायला मला तुमची वाट बघावी लागली, आणि तुम्ही विचारलंत तर मी तुमच्यावरच खेकसले. मला लाज वाटायची ती त्या काडतुसांची नाही हो. देशाला ती लागतात, हे मी आजही म्हणते, तुम्ही वर बसून नाक मुरडलंत तरी. मला लाज वाटायची त्या गूळ-खोबऱ्याची. म्हणून कधी बोलले नाही.

हे सगळं मी जुईला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे मी नाही म्हणू का?"

मी म्हटलं, "ते मला विचारू नको. मी हो म्हणत होते ती पेढ्यांसाठी. तुझी धुळ्याची आजी नको म्हणत होती, का ते बोलली नाही. आमचं दोघींचं मिळून एकच वाक्य शिल्लक आहे. ते त्यांना विचार. कुठे जातात? आणि उत्तर देताना तुझं कौतुक केलं तर सावध राहा."

तिने दुसऱ्या दिवशी फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. जुईने विचारलं, "आपले ड्रोन कोणाला विकले जातात? कुठल्या कामाला?" मुलगी म्हणाली, "मॅडम, किती छान प्रश्न! तुमच्यासारखे विचार करणारे लोकच हवेत आम्हाला. पण ते तुमच्या टीमकडे येत नाही. तुम्ही फक्त कॅमेऱ्याचं बघायचं."

जुईने माझ्याकडे बघितलं. मी जुईकडे. मला इतकं हसू आलं, विहीणबाई, की पदर परत तोंडात. पंचेचाळीस वर्षांनी तोच साहेब, फक्त आवाज मुलीचा.

पोरीने त्यांना लिहून पाठवलं आहे: उत्तर लेखी मिळाल्याशिवाय मी रुजू होणार नाही. चार दिवस झाले. त्यांचं काही आलेलं नाही. तिचे वडील वैतागलेत, आई गप्प आहे. चांगली नोकरी गेली तर दोघं मलाच बोलणार, आणि तुम्ही मात्र फोटोत हसत बसणार. हा काय न्याय झाला? भांडण तुम्ही लावलंत, शेवटचा पत्ता लपवलात, आणि निस्तरायला मी.

शेवटचे दोन भाग अजून बघितलेले नाहीत. बाविसावाही तिथेच थांबलाय. जुई म्हणते बघूया, मी म्हणते राहू दे. डेपोतली अक्का बहिणीकडे राहायला गेलीय, मला तेच माहीत आहे. चूल लावून बसल्या असतील दोघी.

राहिलं माझं गाणं. सव्वीस वर्षं रचतेय, रचतेय म्हटलं, ते काल चहा गाळताना एकदम आलं. तुमच्या बोलीत केलंय. माझी जळगावकडची जीभ, चुका असतील. असू द्या, तुम्हाला सुधारायला काही तरी हवंच. पंगत नाही, मांडव नाही, म्हणून जुईला समोर बसवलं आणि टाळ्या वाजवत मोठ्याने म्हटलं. शेजारीण खिडकीतून बघत राहिली. बघू दे.

"विहीन गई वं बाई, चुल्हा करी गई थंडा,
काडीपेटी दपाडेल व्हती, ती मन्हा हातमा दी गई."

झाली परतफेड. आता तुमची पाळी.